पेटीमामा आणि देवासचं मंजन

पेटीमामांनी आपल्या मिशीसाठी एक डबी केली होती.

एवढं वाचूनच माझे काही स्नेही पान उलटतील आणि म्हणतील, लागला हा थापा मारायला. लागलोच आहे. पण मिशीची डबी खरी आहे. पातळ पुठ्ठ्याची, आतून मलमल, मधोमध नाकासाठी खाच आणि मागे बांधायला दोन फिती. दुपारी जेवून आडवं होताना मामा ती तोंडावर चढवत. मग ते घोरू लागले की डबीतून असा काही नाद घुमे की समोरच्या हलवायाकडे जिलबीला आलेली माणसं दरबारच्या बँडाची तालीम चालली आहे असं समजून अदबीनं उभी राहत. दोघातिघांना टोप्या सावरताना मी स्वतः पाहिलं आहे.

"वस्तू उघडी ठेवू नये," मामा म्हणत. "उघडी वस्तू म्हणजे रस्त्यातलं कुत्रं. येणारा-जाणारा लाथ घालून जातो."

त्यांच्या घरात उघडी वस्तू शोधून सापडली नसती. चष्म्याला पेटी, पेटीला पिशवी, पिशवीला खोकं. खोकं कुठलं ते वाचायला चष्मा लागे. मामींना चिमूटभर मीठ हवं तर तीन झाकणं उघडावी लागत, म्हणून त्या घरचं वरण बारा महिने अळणी. एकदा मामी कातावून म्हणाल्या, "आता एक मोठी पेटी करा. तुम्हाला आत घालते नि देते पाठवून काशीला!"

मामांनी मान वर न करता उत्तर दिलं, "पाठव. पण दोरी दुसऱ्याकडून बांधून घे. तुझी गाठ सैल असते."

त्यांचं खरं नाव गावात कुणाला ठाऊक होतं की नाही, शंका आहे. लहानमोठे सगळे त्यांना पेटीमामाच म्हणत. त्यांच्या पणज्यानं सरकारच्या घोड्यांची खोगिरं शिवली होती, आज्यानं तलवारींच्या म्याना केल्या होत्या. पुढे घोडे कमी झाले, तलवारी भिंतीवर जाऊन बसल्या. तेव्हा मामांनी तीच रापी, म्हणजे चामडं कापायची ती चपटी सुरी, पुठ्ठ्यावर चालवायला घेतली.

आणि वेळ बरोबर साधली. तोवर आमच्या माळव्यात माल घ्यायचा म्हणजे घरून भांडं न्यायचं. तेलाला लोटा, मधाला बरणी, चूर्णाला फाटक्या पोथीच्या कागदाची पुडी. मग मुंबईहून महूपर्यंत आगगाडीनं आणि तिथून बैलगाडीनं आमच्या गावाला, धारेला, साबणाच्या वड्या नि बिस्किटं येऊ लागली, ती चित्रांच्या पेट्यांतून. पेटीवर पऱ्या, पेटीवर वाघ, पेटीवर झोपाळ्यावरच्या राण्या. बिस्किटं सकाळी संपत, पेटी मुलीच्या लग्नात आंदण जाई. ते बघून आमच्या इथल्या अत्तरवाल्यांना, तपकीरवाल्यांना, वैद्यांना झोप लागेना. आपल्याही मालाला अंगरखा हवा! तो अंगरखा शिवणारा धारेत एकच माणूस होता.

मी त्या माणसाच्या हाताखाली गेलो तो मॅट्रिकच्या कृपेनं. गणितानं मला सोडलं, मीही मनाला लावून घेतलं नाही. मला चित्रं बरी येत. आमचे तात्या दरबारच्या कचेरीत कारकून, त्यांचे वडील कारकून, त्यांचेही वडील कारकून. आमच्या घराण्यात मूल जन्मलं की आधी कानावर लेखणी बसते का ते पाहत. अशा घरात मी "पेट्या करायला शिकतो" म्हणालो तेव्हा तात्यांनी जेवणाचं ताट सरकवलं.

"तीन वर्षं," ते शेवटी म्हणाले. "तिसऱ्या दसऱ्याला मी त्या पेटीवाल्याकडे येईन. माझ्या तोंडावर तो म्हणाला, हा कारागीर झाला, तर तू सुटलास. नाही म्हणाला तर तिथूनच माझ्याबरोबर कचेरीत. जागा सांगून ठेवतो."

अट ऐकायला सोपी वाटते. पण तात्यांनी गावात चौकशी करूनच ती घातली होती. पेटीमामांनी जन्मात कुणाला, कशाला, चांगलं म्हटलेलं नव्हतं. कोजागिरीच्या चंद्राकडे बघून ते म्हणाले होते, "कापलाय बरा. पण चिकटवताना डाग पाडलेत." मामींच्या पुरणपोळीला ते "कडा जुळल्यात" एवढंच म्हणत, आणि त्या दिवशी मामी शेजारणींना बोलावून ते सांगत.

पहिलं वर्ष माझं खळीत गेलं. मैद्याची खळ शिजवायची, झुरळं लागू नयेत म्हणून त्यात मोरचूद घालायचा आणि लाकडी दांड्यानं एका दिशेनं ढवळत राहायचं. दिशा चुकली की मामा पाठमोरे असले तरी ओरडत, "कारकूनजी, उलटं चाललंय!" मी चुकलो की कारकूनजी, आणि फार क्वचित मन प्रसन्न असलं की भिया, म्हणजे भाऊ. तीन वर्षांत भिया मी चारदाच झालो, त्यातल्या दोनदा त्यांना ताप होता. खळ मात्र अशी होई की काय सांगावं. शेजारची शेळी एकदा कढई चाटून गेली, ती दोन दिवस 'बें' म्हणायच्या जागी नुसती 'म्म' म्हणत फिरत होती. धनीण मारायला आली आणि शांत शेळी बघून खळीचा लोटा मागून घेऊन गेली. म्हणे, सासूबाईंनाही लावून बघते.

दुसऱ्या वर्षी पुठ्ठा. दुमडायचा, पण तोडायचा नाही. हाडाच्या पट्टीनं आधी रेघ ओढायची, मग रेघेला वाटलं पाहिजे की आपण होऊनच वाकतो आहोत. "पुठ्ठ्याला हुकूम करू नये," मामा सांगत. "त्याला फूस लावावी."

डबा झाला की त्याची परीक्षा. धारेहून गंधवानीला जाणाऱ्या बैलगाडीत डबा टाकायचा, आत एक कच्चं अंडं. तो रस्ता असा की त्यावरून गेलेली माणसं परत आल्यावर घरच्यांना ओळखू येत नसत, चेहऱ्याच्या जागा बदललेल्या असत. अंडं शाबूत आलं तर डबा पास. माझा पहिला डबा गेला तेव्हा गाडीवानाचा बैल वाटेत रुसला आणि गाडी इतक्या दिवसांनी परत आली की झाकण उघडताच आतून कोंबडीचं पिल्लू बाहेर आलं. मी आनंदानं नाचलो. मामांनी पिल्लाला खालवर बघितलं.

"अंडं फुटलं," ते म्हणाले. "नापास."

शेवटची परीक्षा त्यांच्या अंगठ्याची. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी वाढवून, घासून रापीसारखं केलं होतं. त्यालाही पुठ्ठ्याची म्यान होतीच. डबा पूर्ण झाला की म्यान काढून, डोळे मिटून ते नख डब्यावरून फिरवत. कागद जिथं कागदाला मिळतो तो जोड कारागिरानं कितीही लपवला तरी नख तिथं अडे. टिक् असा आवाज येई. तो आवाज आला की मामा डोळे न उघडता डबा माझ्या हातात ठेवत आणि मी तो बंबात घालत असे. त्या वर्षी मामींना सरपण विकत घ्यावं लागलं नाही.

तिसऱ्या वर्षी, पावसाळा सरता सरता, देवासचे एक वैद्यबुवा आले. त्यांनी दातांचं मंजन काढलं होतं. काळं, तिखट आणि असं जालीम की हलणारा दात लाजून स्थिर व्हावा. त्यांना चौकोनी डबा आणि वर चित्र हवं होतं.

"चित्र हा काढेल," मामा माझ्याकडे न बघता म्हणाले. "दसरा जवळ आलाय ह्याचा."

हेच ते काम. हे साधलं तर मामांना बोलावंच लागेल.

आता देवास ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना पुढचं पटायचं नाही, म्हणून सांगतो. देवास म्हणजे एक गाव आणि दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. बाजारात एकाच रस्त्याची ही बाजू एका सरकारची, ती बाजू दुसऱ्या सरकारची. दोन्ही सरकारं आपापल्या जागी सुखी होती, अभिमान होता तो दुकानदारांना. असं सांगतात की एकदा एक म्हैस भर रस्त्यात आडवी बसली, तर शिंगं कुणाकडे आणि शेण कुणाकडे, यावर दोन्ही बाजूंचे ओटे दिवसभर भांडले. भांडण मी पाहिलेलं नाही. म्हैस पाहिली आहे. गावाच्या डोक्यावर टेकडी, टेकडीवर दोन देव्या, बहिणी-बहिणी. एक बडी माता, एक छोटी माता.

मी देवासला गेलो, वैद्यबुवांच्या ओट्यावर मांडी घातली आणि समोर दिसली तशी टेकडी काढली. बडी मातेचं देऊळ पुढे, मोठं, ध्वजासकट. छोटी मातेचं देऊळ तिथून झाडाआड जात होतं, म्हणून झाडाआडच काढलं. डब्याच्या मागच्या बाजूला जागा उरली, तिथं मंजन कशाकशावर चालतं ते ठळक अक्षरांत दिलं. मामांनी नमुना पाहिला आणि "हूं" म्हणाले. त्या हूंमध्ये काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. गाडीभर डबे करून आम्ही पाठवून दिले.

पंधरा दिवसांत वैद्यबुवा परत आले. जोडे न काढताच ओट्यावर चढले.

"अहो मामा, तुम्ही मला मंजन विकायला बसवलंत की तंटा?"

"का? झाकण निघत नाही?"

"झाकणाला काय धाड भरली आहे! अहो, माझं दुकान थोरल्या पातीत. तिथं सगळे खूश. रस्ता ओलांडून धाकट्या पातीत माल दिला, तर पहिला दुकानदार डबा बघतो नि म्हणतो, भिया, यो डब्बो तो वणी पाती को है, म्हारे यां नी चालेगो. हा डबा त्या पातीचा, माझ्या इथं चालायचा नाही! मी हातापाया पडलो. तेव्हा ठेवला."

"मग झालं की."

"काय झालं? उलटा ठेवला! सगळ्यांनी उलटे ठेवले! रस्त्याच्या त्या बाजूला माझ्या मंजनाचं देऊळ भिंतीकडे आणि गिऱ्हाइकाकडे मागची बाजू. आणि मागं तुमच्या ह्या चित्रकारानं काय लिहिलंय? 'दुर्गंधी, किडलेले दात, हिरड्यांतून पू.' दहा दुकानांत ओळीनं तेच! बायका नाकाला पदर लावून जातात!"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. दसरा बारा दिवसांवर आला होता. तात्यांनी माझ्यासाठी कचेरीत जायचा कोट शिंप्याकडे टाकल्याचं आईनं आदल्याच दिवशी सांगितलं होतं.

"मी दोन चित्रं काढतो," मी घाईघाईनं म्हणालो. "त्या बाजूला निराळं, ह्या बाजूला निराळं."

"आणि ज्या घरची सून तिकडची नि सासू इकडची, तिथं कुठला डबा जायचा?" वैद्यबुवा कडाडले. "माझ्याच घरी तसं आहे! मला दात घासायला नदीवर जावं लागेल!"

ते निघून गेल्यावर मामा कितीतरी वेळ पुठ्ठ्यावर रेघा ओढत राहिले. मग विचारलं, "चूक कुणाची?"

"माझी."

"तुझी नाही, तुझ्या बुडाची. एका ओट्यावर टेकलंस नि अख्ख्या गावाचं चित्र काढलंस."

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. "तेव्हा सांगितलं का नाही?"

"सांगून आलेली अक्कल उघड्यावरच्या मिठासारखी. एका पावसात जाते." आणि ते उठले. "टांगा सांग. देवासला जाऊ. सामान घे."

मामांचा प्रवास हा निराळा ग्रंथ होईल. थोडक्यात एवढंच की टांग्यात आम्ही दोघे कमी आणि खोकी जास्त होतो, आणि इंदूरला घोड्यानं मागे वळून बघितलं तो पुढे जायलाच तयार होईना. नवरात्र बसलं त्या दिवशी आम्ही देवासला पोचलो.

मामांनी मला कामाला लावलं. काम म्हणजे बसणं. पहिला दिवस थोरल्या पातीच्या ओट्यावर, दुसरा दिवस धाकट्या पातीच्या ओट्यावर. हातात कागद नाही, पेन्सिल नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी वैद्यबुवांच्या घरचा पाट आणून रस्त्याच्या बरोबर मधोमध ठेवला.

"इथं बस."

"मामा, इथून टांगे जातात!"

"तर मग लवकर शीक."

बसलो. दोन्ही बाजूंनी टांगेवाल्यांनी माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. "ए भिया, मरना है तो टेकरी पे जा, यां धंधे का टाइम है!" दोन्ही बाजूंचे दुकानदार मी कुणाच्या हद्दीत आहे ते दोरीनं मोजू लागले. डाव्या ओट्यावरून आवाज आला, "टाळकं तुमच्यात येतं!" उजवा म्हणाला, "टाळकं रिकामं दिसतंय, तुम्हीच ठेवा!" जनावराच्या जागी बसल्यावर जनावराला काय वाटतं ते मला त्या दिवशी कळलं.

दुपारच्या सुमारास लाखेच्या बांगड्या विकणारी एक म्हातारी आली. खांद्यावर दांडा, दांड्यावर बांगड्या. तीही मधूनच चालत होती. ह्या बाजूच्या बायका उतरल्या, त्या बाजूच्या उतरल्या आणि मी रस्त्याच्या मधे बसलेला असल्यामुळे माझ्याच भोवती बाजार भरला. कुणी बांगडी उचले, फिरवे, हातात घाली, उलटी करून पुन्हा घाली. थोरली पाती, धाकटी पाती, एकाच दांड्यातून घेत होत्या. कुणी नाक मुरडत नव्हतं.

मी म्हातारीला विचारलं, "माँजी, इसका आगा किधर है?"

तिनं माझ्याकडे करुणेनं पाहिलं. उन्हात बसलेल्या माणसाकडे बघतात तसं. "अरे बेटा, चूड़ी को कई आगो ने कई पाछो?"

बांगडीला कसलं पुढं नि कसलं मागं! मी पाटासकट उठलो. असा उठलो की एका टांग्याचा घोडा बुजून थेट दुसऱ्या संस्थानात गेला.

"मामा! डबा गोल करू! गोलाला दर्शनी बाजूच नसते!"

मामा वैद्यबुवांच्या ओट्यावर सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता डबीत घातला, डबी पिशवीत घातली, मग म्हणाले, "कर."

एवढंच. कसा करायचा, कशावर करायचा, काही नाही. चौकोनी डबा मी डोळे झाकून केला असता, पण गोल डबा आमच्या दुकानात कुणी केला नव्हता. पुठ्ठा गुंडाळायला आत गोल साचा हवा. मी वैद्यबुवांच्या घरात शिरलो आणि औषधं कुटायचं मुसळ पळवलं. त्यांची आई देवघरातून ओरडली, "अरे, मुसळ नेलं रे त्या धारवाल्यानं! आता चूर्ण काय दातांनी करायचं?" मुसळाभोवती पातळ पुठ्ठ्याचे तीन फेरे, प्रत्येक फेऱ्याला खळ, वर सुतळी घट्ट. मग दिवसभर उन्हात. पहिला डबा मुसळाला असा चिकटला की दोन्ही मिळून फेकायची पाळी आली. दुसऱ्या वेळी मध्ये तेलकट कागद घातला, तेव्हा सुटला.

मग चित्र. लांबट पट्टीवर टेकडी काढली, सगळ्या बाजूंनी पाहिलेली. पायथ्याशी भोवतालून माणसं चाललेली, बायका, पोरं, ताशेवाला, एक म्हैस. एका अंगाला बडी माता, फिरवलं की दुसऱ्या अंगाला छोटी माता, दोघींचे ध्वज सारख्या उंचीचे. ही उंची मी सुताच्या दोऱ्यानं मोजली, कारण दोन्ही बाजूंचे दुकानदारही मोजणार होते. मंजनाचं नाव वरच्या कडेनं पुन्हापुन्हा, फुलांच्या वेलीसारखं फिरवलं, म्हणजे सुरुवात अमुकच ठिकाणी असं कुणी म्हणायला नको.

पण एक सुरुवात होतीच. पट्टी गुंडाळली की तिचं एक टोक दुसऱ्यावर बसणार. जोड! त्या गावात जोड म्हणजे हद्द. ह्या देवीकडे सरकला तर ते चिडणार, तिकडे सरकला तर हे. आणि त्याहून मोठी भीती मामांच्या नखाची.

पंचमी आणि षष्ठी, दोन्ही दिवस मी त्या एका रेघेवर बसलो होतो. शेवटी दोन्ही देवळांपासून सारख्या अंतरावर मी एक वड काढला, आणि त्याच्या पारंब्या जोडावरून खाली सोडल्या. कागदाची कड सरळ न कापता पारंबीच्या वळणानं कापली, रापीनं तिची जाडी आतून खरवडून धूसर केली आणि हाडाच्या पट्टीनं इतकी घासली की कागद झाडात मुरला म्हणा.

सप्तमीला सकाळी डबा मामांपुढे ठेवला. दोन्ही बाजूंचे दुकानदार रस्त्यात उतरले होते. वैद्यबुवा हात जोडून, त्यांच्या आई मुसळ छातीशी धरून. मामांनी अंगठ्याची म्यान काढली. डोळे मिटले.

नख फिरू लागलं. बडी माता गेली. ताशेवाला गेला. छोटी माता गेली. वड आला. मी श्वास असा रोखला की समोरच्या ओट्यावरचे दोन दिवे विझले नाहीत हेच नवल.

आवाज आला नाही.

नख पुढे गेलं. पुन्हा बडी माता. दुसरा फेरा. तिसरा. मामांच्या कपाळावर आठी पडली, जशी घरात येऊन आपलीच खोली न सापडणाऱ्या माणसाच्या कपाळावर पडते. त्यांनी डोळे उघडले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा स्वतःला ठाऊक नसलेलं काही मला विचारलं.

"जोड कुठे आहे?"

"मला पण सापडत नाही," मी म्हणालो. हे धादांत खोटं होतं.

मामा डब्याकडे बघत राहिले. मग अंगठा म्यानेत गेला. "खळ जरा जास्त झाली आहे," ते म्हणाले आणि सुपारी शोधू लागले.

मी तसे दोन नमुने केले होते; ते त्या दिवशी समोरासमोरच्या ओट्यांवर मांडले गेले तेव्हा मी पुन्हा रस्त्याच्या मधे जाऊन उभा राहिलो. डावीकडच्यांनी बडी माता पुढे फिरवली होती, उजवीकडच्यांनी छोटी माता. मधून चालणाऱ्याला दोघी दिसत होत्या. वैद्यबुवांनी मला मिठी मारली. त्यांच्या आईंनी ओटी भरल्यासारखं माझ्या उपरण्यात मंजन भरलं. टांगेवाल्यांनी नमस्कार केला. फक्त ज्या एका तोंडातून शब्द हवा होता, ते सुपारी चघळत होतं.

परतीच्या टांग्यात मी धीर केला. "मामा, दसऱ्याला तात्या येतील. काय सांगाल त्यांना?"

"चाकाचा आवाज ऐक. लोखंडी धाव सैल झाली आहे."

"मामा, माझं आयुष्य आहे!"

"ओरडू नको, घोडा कचरतो." मग थोड्या वेळानं, "मी आजवर कुणाला चांगलं म्हटलंय?"

"नाही."

"मग तुझ्यापासून सुरू करू? लोक काय म्हणतील? म्हातारा चळला म्हणतील."

पुढे धार येईपर्यंत मामा चाकाचाच आवाज ऐकत राहिले. मी मनातल्या मनात कचेरीत जाऊन बसलो, लेखणी कानावर ठेवली, तीही नीट बसली. आमच्या घराण्याचे कान कारकुनीसाठीच घडवलेले.

दसऱ्याला सकाळीच तात्या आले. पांढरा अंगरखा, उपरणं आणि डोक्यावर सणाची तांबडी पगडी. काखेत माझा नवा कोट. दुकानात औजारांना आदल्या दिवशीची झेंडूची फुलं तशीच होती. बाहेर लोक दरबारच्या मिरवणुकीसाठी जमू लागले होते. तात्या बसले नाहीत.

"मामा, तीन वर्षं झाली. मला एक शब्द हवा. हा कारागीर झाला, हो की नाही?"

मामा तात्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हते. त्यांची नजर वर होती.

"ही पगडी घरी कशात ठेवता?"

"खुंटीवर. मी पोराचं विचारतोय."

"खुंटीवर!" मामांना खरोखरच यातना झाल्या. "तरीच डावीकडे कलली आहे. एवढ्या मोठ्या हुद्द्याचा माणूस, पगडी उघडी, खुंटीवर! वर पाली फिरत असतील."

"पोराचं बोला, मामा."

"मी पगडीचं बोलतोय," मामा म्हणाले. आणि माझ्याकडे न वळता, हातातली रापी न थांबवता म्हणाले, "माप घे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या वस्तूला हात लावायचा तो धन्यानं. माप घेईल त्याचं काम, त्याची जबाबदारी, पेटी वाईट निघाली तर त्याचं नाव. तीन वर्षांत मी गिऱ्हाइकाच्या अत्तराच्या कुपीलाही पट्टी लावलेली नव्हती. मी मामांकडे पाहिलं. ते पुठ्ठा कापत होते. रेघ मात्र वाकडी जात होती.

तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कारकून माणूस, कागदावर न लिहिलेलं वाचायची त्यांना जन्माची सवय. कोट त्यांनी ओट्यावर ठेवला. मग दोन्ही हातांनी पगडी उतरवली आणि माझ्या हातात दिली. चारचौघांत मी त्यांचं डोकं कधी उघडं पाहिलं नव्हतं. मधे चांगलंच टक्कल होतं.

मी माप घेऊ लागलो. घेर, उंची, कोक्याचा म्हणजे पुढच्या चोचीचा बाक. आता नाव माझं जाणार होतं, म्हणून सगळं दोनदा घेतलं.

तात्या खाली वाकून हळूच म्हणाले, "आतून मखमल लावता येईल? तांबडी?"

"तांबडी नको, तात्या. रंग उतरेल. पांढरी लावू."

"पांढरी?" त्यांनी क्षणभर विचार केला. "बरं. पांढरी."

बाहेर नगारा वाजला. कचेरीतले एक गृहस्थ गर्दीतून ओट्यापाशी आले आणि तात्यांचं उघडं डोकं बघून थबकले. "अहो, हे काय? स्वारी निघाली! चला, पोराला आणताय ना?"

"तुम्ही व्हा पुढे," तात्या पाटावर बसत म्हणाले. "इथं माझं माप चाललंय."